‘न = १.०२’ म्हणजे एकच साइट? बाइंडिंग कर्व्ह वाचण्याच्या सवयीवर थोडी टीका



पेट झाली, गाइड मिळाले, आता विषय पक्का करायचाय. तुमच्यापैकी बरेच जण सध्या या टप्प्यावर असतील. प्रोटीन आणि औषधी रेणू यांच्या बाइंडिंगवर काम करायचं ठरवलंत, तर सिनिअर तुमच्या हातात वाचायला पाच-सहा पेपर देतील. त्यातल्या एक-दोन पेपरांत तरी अशा अर्थाचं वाक्य सापडेल: न ची किंमत १.०२ आली, म्हणजे प्रोटीनवर एकच बाइंडिंग साइट आहे. पुढच्या पेपरात न ०.९८ असतो, आणि निष्कर्ष तोच.

आजचा लेख या एका वाक्याबद्दल आहे. साइट खरोखर एकच असेलही, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा आक्षेप असा की त्या आकड्यातून तो निष्कर्ष निघतच नाही. हे गणिताने दाखवता येतं, आणि गणित दहावी-बारावीच्या पलीकडचं नाही. वही-पेन घेऊन बसा. लेखातला प्रत्येक आकडा तुम्हाला स्वतः पडताळून बघता येईल.

हा ‘न’ येतो कुठून?

आपल्याकडच्या विद्यापीठांत बाइंडिंगचा सगळ्यात परवडणारा प्रयोग म्हणजे फ्लोरेसन्स क्वेंचिंग. गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे बीएसए, स्वस्त मिळतं. त्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल दोन ठिकाणी आहे. २९५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की ते ट्रिप्टोफॅन चमकतं. मग तुमचा रेणू, म्हणजे लिगँड, थोडा-थोडा घालत जायचा. चमक कमी होत जाते. गेलेली चमक भागिले उरलेली चमक, याचा लॉग उभ्या अक्षावर. लिगँडच्या कॉन्सन्ट्रेशनचा लॉग आडव्या अक्षावर. सरळ रेषा येते. तिचा चढ म्हणजे ‘न’, आणि त्याला नाव दिलं जातं ‘बाइंडिंग साइटची संख्या’.

आता थांबून बघा, उभ्या अक्षावर नेमकं काय आहे? लिगँड बसलेल्या प्रोटीनची चमक पूर्ण गेली असं धरलं, तर गेलेली चमक म्हणजे भरलेला हिस्सा आणि उरलेली चमक म्हणजे रिकामा हिस्सा. भरलेल्या हिश्शाला य म्हणू आणि मोकळ्या लिगँडच्या कॉन्सन्ट्रेशनला क्ष म्हणू. मग समीकरण असं होतं:

लॉग [य / (१ − य)] = लॉग क + न × लॉग क्ष

हे समीकरण ओळखीचं वाटतंय ना? हाच हिल प्लॉट. बायोकेमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाला हिमोग्लोबिनच्या धड्यात तुम्ही तो काढलेला असतो. तिथे न ला आपण हिल कोइफिशियंट म्हणतो आणि ‘हा साइटचा आकडा नाही’ असं परीक्षेत लिहून मार्क मिळवतो. तोच न अल्ब्युमिनच्या पेपरात शिरला की साइटची संख्या होतो. ही टीका माझ्या आधी इतरांनीही केलेली आहे. २०११ साली व्हॅन द वीर्ट आणि स्टेला यांनी याच पद्धतीची चिकित्सा करणारा लेख लिहिला. तरी सवय सुटत नाही, म्हणून तुम्ही कामाला लागण्याआधीच हे बोलून घेऊ.

हिलने नेमकं काय केलं होतं?

१९०४ साली क्रिस्तियान बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रक्त ऑक्सिजन घेतं त्याचा आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. १९१० साली केंब्रिजमध्ये आर्चिबाल्ड हिल या तरुणाने त्या वळणाला एक सूत्र बसवलं. हिमोग्लोबिनचे रेणू एकत्र येऊन गट करत असतील आणि एका गटावर न ऑक्सिजन एकदम बसत असतील, तर आलेख कसा दिसेल, एवढाच त्याचा प्रश्न होता. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार हीम असतात हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. ते पुढे १९२५ च्या सुमारास गिल्बर्ट अडेअरच्या ऑस्मॉटिक प्रेशरच्या मोजमापांतून स्पष्ट झालं.

हिमोग्लोबिनसाठी न साधारण २.८ येतो. साइट चार आहेत. पावणेतीन साइट ही गोष्ट जगात कुठेच नसते. म्हणजे न हे दुसऱ्याच कशाचं तरी माप आहे.

कशाचं? आधी वरवरचं उत्तर: आलेख किती उभा चढतो याचं. एक साइट असलेल्या साध्या प्रोटीनला १० टक्के भरण्यापासून ९० टक्के भरण्यापर्यंत जायला क्ष ८१ पट वाढवावा लागतो. य = क्ष / (क्ष + ड) या सूत्रात घालून बघा; १० टक्क्यांना क्ष = ड/९ आणि ९० टक्क्यांना क्ष = ९ड. न २.८ असेल तर हेच काम सुमारे ४.८ पटीत होतं. न ४ असेल तर ३ पटीत. फुप्फुसात ऑक्सिजन घ्यायचा आणि स्नायूत सोडायचा, यासाठी हा उभा चढ फार उपयोगाचा आहे.

काळी-पिवळीचं गणित

खोलवरचं उत्तर मला जास्त आवडतं. ते समजायला मुदखेड-नांदेड रस्त्यावरची काळी-पिवळी जीप पुरेशी आहे.

समजा, स्टँडवर पुष्कळ जिपा उभ्या आहेत आणि हिशोब सोपा जावा म्हणून प्रत्येकीत चारच सीट धरू. (चारच सीट भरून निघणारी काळी-पिवळी कुणी पाहिली नाही, पण धरू.) सरासरीने प्रत्येक जिपेत दोन माणसं आहेत. आता दोन प्रकार होऊ शकतात.

पहिला प्रकार: लोक कुठेही बसतात, कोण कुठे बसलंय हे बघत नाहीत. काही जिपांत एक, काहींत दोन, काहींत तीन, क्वचित शून्य किंवा चार. दुसरा प्रकार: रिकाम्या जिपेत बसायला कुणी तयार नाही, कारण ती कधी निघेल भरवसा नाही, पण तीन बसले की चौथा धावत येतो. अशा वेळी निम्म्या जिपा भरलेल्या आणि निम्म्या रिकाम्या दिसतील. सरासरी दोन्हीकडे दोनच. फरक विखुरण्यात आहे, ज्याला संख्याशास्त्रात प्रचरण म्हणजे व्हेरियन्स म्हणतात. पहिल्या प्रकारात प्रचरण ४ × ½ × ½ = १. दुसऱ्यात प्रत्येक जीप सरासरीपासून दोनने दूर, म्हणून प्रचरण ४.

आणि हिलचा न म्हणजे हेच गुणोत्तर: प्रत्यक्ष प्रचरण भागिले ‘सगळ्या सीट सारख्या आणि कुणी कुणाकडे बघत नाही’ असं असतं तर आलं असतं ते प्रचरण. पहिल्या प्रकाराला न = १, दुसऱ्याला न = ४. हिमोग्लोबिन मध्ये कुठेतरी, २.८ ला. हे केवळ उपमा म्हणून सांगत नाहीये. हिल प्लॉटचा चढ कोणत्याही बिंदूला या गुणोत्तराइतकाच असतो, हे डेरिव्हेटिव्ह घेऊन चार ओळींत सिद्ध होतं. करून बघा.

यातून तीन गोष्टी लगेच निघतात.

एक, न साइटच्या संख्येपेक्षा जास्त जाऊ शकत नाही. म्हणजे न २.८ आला तर साइट किमान तीन आहेत एवढं खात्रीने म्हणता येतं. न हा खालून बांध घालतो, वरून नाही.

दोन, सगळ्या साइट सारख्या आणि एकमेकींशी देणंघेणं नसलेल्या असतील तर न = १, मग जीप दोन सीटची असो, चारची की दहाची. एक हा आकडा साइटच्या संख्येबद्दल काहीच बोलत नाही. आपल्या त्या वाक्याचा पाया इथेच ढासळतो.

तीन, न हा एक आकडा नाहीच. तो क्ष प्रमाणे बदलतो. जवळपास सगळं रिकामं किंवा जवळपास सगळं भरलेलं असताना तो १ कडे येतो. तुमचा प्रयोग अगदी कमी कॉन्सन्ट्रेशनच्या पट्ट्यात झाला असेल तर न १ च्या आसपास येणारच. त्यात प्रोटीनचं विशेष काही नाही.

दोन साइट, तीन अज्ञात, दोनच समीकरणं

आता असा विचार करा की आपण हिल सोडून दिला आणि अडेअरच्या वाटेने गेलो. अडेअरने १९२५ मध्ये प्रत्येक पायरीला वेगळा स्थिरांक दिला. दोन साइट असलेल्या रेणूसाठी बाइंडिंगची बहुपदी अशी:

प = १ + (क१ + क२) क्ष + ग × क१ × क२ × क्ष²

क१ आणि क२ हे दोन साइटचे आपापले स्थिरांक. ग म्हणजे शेजारधर्म: एक साइट भरल्यावर दुसरीला किती पट फायदा किंवा तोटा होतो. ग = १ म्हणजे काही संबंध नाही, १ पेक्षा जास्त म्हणजे मदत, कमी म्हणजे अडचण. सरासरी किती लिगँड बसले हे या बहुपदीवरून सरळ काढता येतं, म्हणजे अख्खा आलेख या बहुपदीत मावतो.

बहुपदीत सहगुणक किती? दोन. शोधायच्या गोष्टी किती? क१, क२ आणि ग, तीन. दोन समीकरणांतून तीन अज्ञात निघत नाहीत, हे आपण आठवी-नववीपासून शिकतो. उदाहरणं बघू. एकक मायक्रोमोलरचं धरा.

पहिला रेणू: क१ = १, क२ = १, ग = १. दोन जुळ्या साइट, संबंध नाही. प = १ + २क्ष + क्ष².

दुसरा रेणू: क१ = १.६, क२ = ०.४, ग = १.५६२५. दोन वेगळ्या साइट आणि त्यांच्यात सहकार्य. बेरीज २, गुणाकार ०.६४, त्याला ग ने गुणलं की १. प = १ + २क्ष + क्ष².

दोन्हींचा आलेख तंतोतंत एकच. कितीही महागडं यंत्र आणा, बाइंडिंग कर्व्हवरून हे दोन रेणू वेगळे ओळखता येणार नाहीत. दोघांचाही न बरोबर १. आणि दोघांतही साइट दोन आहेत!

तिसरा रेणू: क१ = १, क२ = १, ग = ०.३६. जुळ्या साइट, पण एक भरली की दुसरी नाखूश. प = १ + २क्ष + ०.३६क्ष². याचे अवयव पाडा: (१ + १.८क्ष)(१ + ०.२क्ष). म्हणजे १.८ आणि ०.२ अशा दोन स्वतंत्र, वेगळ्या साइट असलेल्या रेणूचाही हाच आलेख. ‘निगेटिव्ह कोऑपरेटिव्हिटी सापडली’ आणि ‘दोन प्रकारच्या साइट सापडल्या’ अशी दोन वेगळी शीर्षकं एकाच डेटावर लावता येतात. कोणतं लावायचं हे आलेख सांगत नाही, लेखकाची आवड सांगते.

मग आलेख काहीच सांगत नाही का? सांगतो की. चौथा रेणू घ्या: क१ = १, क२ = १, ग = ४. प = १ + २क्ष + ४क्ष². दहावीचा विवेचक काढा: ४ − १६ = −१२. ऋण. वास्तव अवयव पडतच नाहीत. म्हणजे स्वतंत्र साइटच्या कोणत्याही जोडीतून हा आलेख तयार होऊ शकत नाही. इथे साइटमध्ये मदतीचं नातं आहे हे निर्विवाद. मध्यावर याचा न १.३३ येतो, तिसऱ्या रेणूचा ०.७५.

थोडक्यात, दोन साइटच्या बाबतीत विवेचक ऋण आला तर सहकार्य सिद्ध. शून्य किंवा धन आला तर निकाल राखून ठेवायचा. एवढाच कर्व्हचा अधिकार. कोर्टात साक्षीदार जेवढं डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगू शकतो, तसं.

स्कॅचर्डची रेषा किती लांब ओढायची?

काही जण म्हणतील, साइट मोजायला स्कॅचर्ड प्लॉट आहे की. जॉर्ज स्कॅचर्डने १९४९ मध्ये तो सुचवला. प्रति प्रोटीन बसलेले लिगँड आडव्या अक्षावर, आणि तेच भागिले क्ष उभ्या अक्षावर. रेषा आडव्या अक्षाला जिथे भेटते तो साइटचा आकडा.

आपल्या तिसऱ्या रेणूवर वापरून बघू. समजा, तुमचा लिगँड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून क्ष = ०.१ ते १ मायक्रोमोलर एवढ्याच पट्ट्यात मोजमाप झालं. क्ष = ०.१ ला बसलेले ०.१७, भागाकार १.७२. क्ष = १ ला बसलेले ०.८१, भागाकारही ०.८१. या दोन बिंदूंतून रेषा ओढा. मधला बिंदू क्ष = ०.५ चा घ्या. तो या रेषेपासून तीन टक्क्यांहून कमी ढळतो, म्हणजे पिपेटच्या चुकीत खपून जाईल. छान सरळ रेषा! ती पुढे वाढवली की आडव्या अक्षाला १.३८ ला भेटते. खरा आकडा २. पेपरात बहुधा ‘एक मुख्य साइट, थोडं नॉन-स्पेसिफिक बाइंडिंग’ असं छापून येईल. खरी गोष्ट दिसायला क्ष = २५ पर्यंत जावं लागलं असतं; तिथेही बसलेले १.८१ च होतात.

आयर्व्हिंग क्लॉट्झ यांनी १९८२ मध्ये ‘सायन्स’ मासिकात नेमकी हीच तक्रार केली. त्यांचं म्हणणं साधं होतं: बसलेले लिगँड उभ्या अक्षावर आणि क्ष चा लॉग आडव्या अक्षावर घेऊन काढा. आलेखाला मध्यावरचं वळण आलेलं दिसलं का, पुढे तो सपाट होताना दिसला का? नसेल, तर साइटचा आकडा तुम्ही मोजलेला नाही, त्याचा अंदाज बांधलाय.

आणखी एक गोष्ट. स्कॅचर्डमध्ये मोजलेली राशी दोन्ही अक्षांवर येते. तिच्यातली चूकही दोन्हीकडे पसरते, आणि लीस्ट स्क्वेअर्सची गृहीतं मोडतात. रेषा सुंदर दिसली तरी तिचे आकडे वाकडे असू शकतात.

न्याय म्हणून दुसरी बाजू

हिल, स्कॅचर्ड यांना मूर्ख ठरवण्याचा हा उद्योग नाही. त्या काळी कॉम्प्युटर नव्हता. वाकडा आलेख सरळ केला तरच फूटपट्टीने स्थिरांक काढता यायचे. आजही चढ किती उभा आहे हे एका आकड्यात सांगायचं तर हिलचा न सोयीचा आहे, आणि डेटात काही वाकडं आहे का हे नजरेने टिपायला स्कॅचर्ड चांगला आहे. हत्यार ठीक आहे. प्रश्न आपण त्याच्याकडून वदवून घेतो त्या जबाबाचा आहे.

अल्ब्युमिनच्या पेपरांचीही एक बाजू आहे. यंत्र एकच उपलब्ध, मुदत ठरलेली, आणि २०२२ पर्यंत तर पेपर छापल्याशिवाय थीसिस जमा होत नव्हता. हे सगळं खरं. पण त्यावर उपाय म्हणून वाक्य बदलता येतं. ‘एक साइट आहे’ ऐवजी ‘या पट्ट्यात डेटा एका साइटच्या मॉडेलशी जुळतो’ असं लिहायला जादा पैसे लागत नाहीत.

फक्त एक चूक अशी आहे की तिथे वाक्य बदलूनही भागत नाही. समीकरणातला क्ष हा मोकळ्या लिगँडचा आहे. पुष्कळ पेपरांत आडव्या अक्षावर एकूण घातलेला लिगँड असतो. फरक किती पडतो? एकच साइट असलेलं प्रोटीन घ्या, १० मायक्रोमोलर, आणि डिसोसिएशन स्थिरांक ०.१ मायक्रोमोलर. १० टक्के भरायला एकूण लिगँड १.०१ लागतो, ९० टक्के भरायला ९.९. म्हणजे ८१ पटीऐवजी जेमतेम ९.८ पट! याच दोन बिंदूंवरून न काढला तर तो सुमारे १.९ येतो. एका साइटच्या प्रोटीनवर तुम्ही दोन सहकारी साइट ‘शोधून’ मोकळे. त्यात लिगँड स्वतः २९५ नॅनोमीटरचा प्रकाश शोषत असेल तर काहीही न बसता चमक कमी होते, ते वेगळंच.

हे सगळं कुणाला भोवतं?

तुम्ही म्हणाल, गायीच्या अल्ब्युमिनवर एक साइट की दोन, याने कुणाचं काय बिघडतं? ठीक. मग मुदखेड जंक्शनहून आदिलाबादची गाडी धरा. भोकर, हिमायतनगर करत ती किनवटला जाते. किनवट-माहूरच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडेही आहे. २०२३ पासून देशपातळीवर त्याच्या निर्मूलनाची मोहीम चालू आहे.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे बनवतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. आता कर्व्हची गंमत बघा. या हिमोग्लोबिनचं पातळ द्रावण केलं तर ऑक्सिजनचा आलेख जवळपास आपल्यासारखाच येतो. पेशीच्या आत, जिथे ते दाटीवाटीने भरलेलं असतं, तिथे आलेख उजवीकडे सरकतो, कारण धाग्यातल्या रेणूंना ऑक्सिजनची ओढ कमी असते. एकच रेणू, दोन कर्व्ह. क्युव्हेटमधला कर्व्ह बघून ‘काही बिघाड नाही’ म्हटलं असतं तर आजारच दिसला नसता. रेणूंच्या एकत्र येण्याबद्दल हिलने १९१० मध्ये जी शंका घेतली होती, ती साध्या हिमोग्लोबिनला लागू पडली नाही. इथे मात्र रेणू खरोखरच एकत्र येतात.

या ओढीवरच एक औषध बेतलं होतं, व्हॉक्सेलोटर. त्याचा एक रेणू चार साखळ्यांच्या अख्ख्या हिमोग्लोबिनवर एका ठिकाणी बसतो आणि कर्व्ह डावीकडे सरकवतो. ऑक्सिजन सुटणं कमी, म्हणून धागे कमी, असा तर्क. रुग्णांचं हिमोग्लोबिन वाढलं, आणि त्या आकड्यावर अमेरिकेत नोव्हेंबर २०१९ मध्ये वेगवान मंजुरी मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझर कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. वेदनेचे झटके आणि मृत्यू यांची आकडेवारी बघता फायदा धोक्याहून जास्त उरत नाही, असं कारण दिलं. कर्व्ह चुकीचा मोजला गेला असं मी म्हणत नाही. कर्व्ह सरकणं आणि माणूस बरा होणं ही दोन वेगळी विधानं आहेत आणि मधल्या प्रत्येक पायरीला स्वतंत्र पुरावा लागतो, एवढंच या गोष्टीतून घ्या.

गावपातळीवर काम करणाऱ्यांना ही शिस्त माहीत असते. सिकलसेलची पहिली तपासणी सोल्युबिलिटी टेस्टने होते. ती पॉझिटिव्ह आली तर सिकल हिमोग्लोबिन आहे एवढं कळतं. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. पहिल्या टेस्टवरच कुणा मुलीला ‘रुग्ण’ ठरवलं, तर तिच्या लग्नापासून सगळ्यावर परिणाम होतो. म्हणून तिथे दुसरी टेस्ट होईपर्यंत निकाल देत नाहीत. एका मोजमापाला त्याच्या कुवतीचाच प्रश्न विचारायचा, हे आपल्या पीएचडीच्या पेपरात का जमू नये?

मग करायचं काय?

प्रयोगाला हात घालण्याआधी बहुपदी लिहा. तुमच्या मॉडेलमध्ये अज्ञात किती आणि कर्व्हमधून सहगुणक किती मिळणार, हे मोजा. अज्ञात जास्त असतील तर कोणता आकडा निघणार नाही हे सुरुवातीलाच कळेल, आणि दुसरा प्रयोग आधीच आखता येईल. एखादी साइट म्युटेशनने बंद करणं, एनएमआरवर दोन साइट वेगळ्या बघणं, किंवा नेटिव्ह मास स्पेक्ट्रोमेट्रीवर एक-लिगँड आणि दोन-लिगँड असे रेणू वेगळे मोजणं, हे त्यातले मार्ग. यंत्र आपल्याकडे नसेल तर दुसऱ्या संस्थेत वेळ मागायला हे कारण भक्कम आहे.

कॉन्सन्ट्रेशनचा पट्टा रुंद ठेवा. एका साइटलाही १० ते ९० टक्क्यांसाठी ८१ पट लागतात, म्हणजे किमान शंभर पटीचा पट्टा हवा, साइट वेगवेगळ्या असतील तर हजार पटीचा. बिंदू लॉग प्रमाणात समान अंतरावर घ्या. मोकळा लिगँड मोजा, नाहीतर पूर्ण वर्गसमीकरण सोडवून काढा. फिट कच्च्या डेटावर थेट करा; सरळ रेषा फक्त बघण्यापुरती. स्थिरांकासोबत त्याची खात्रीची मर्यादाही छापा. आणि दोन मॉडेल सारखीच बसत असतील तर दोन्ही लिहा. परीक्षक त्यावरून मार्क कापत नाहीत. व्हायव्हात उलट तिथेच चांगली चर्चा होते.

आता तुमच्या टेबलावरचा पहिला पेपर उघडा. त्यात ‘साइटची संख्या’ असा रकाना शोधा. आडव्या अक्षावर मोकळा लिगँड आहे की एकूण, पट्टा किती पटीचा आहे, आणि कर्व्ह सपाट झालेला दिसतो का, हे तीन प्रश्न समासात पेन्सिलने लिहा. उत्तरं सापडली तर तो पेपर विश्वासाने वापरा. सापडली नाहीत, तर तुमच्या सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेद कदाचित तिथेच मिळेल.